रुबी काय खाते

"शी बघितलीत का?"

आमच्या सोसायटीत कोणी आजारी पडलं की सिस्टरांचा पहिला प्रश्न हा असायचा. ताप किती, खोकला कोरडा की ओला, हे सगळं नंतर. तळमजल्यावरच्या गॅलरीत उभ्या राहून, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात त्या तो विचारायच्या. समोर तान्ह्या मुलाची आई असो नाहीतर निवृत्त मामलेदार असो, फरक पडत नसे. समोरचा माणूस इकडेतिकडे बघत काहीतरी पुटपुटायचा. मग सिस्टर आणखी मोठ्याने म्हणायच्या, "अहो, लाजता काय? रिपोर्ट आहे तो. आधी रंग सांगा."

वाचकांपैकी कोणाचं नाक एव्हाना मुरडलं असेल, तर त्यांना आधीच सांगून ठेवतो. हे लिखाण एका कुत्रीविषयी आहे, जी विष्ठा खायची, आणि एका बाईंविषयी आहे, ज्यांना त्याची किळस नाही आली. हा विषय छापील पानावर नको असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं. माझी हरकत नाही. फक्त आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी सकाळी काय काय पडलेलं असतं ते एकदा खाली वाकून पाहावं, एवढंच म्हणणं आहे.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची. नेरूळला आमच्या चार मजली इमारतीत सोळा घरं होती. समोरचा प्लॉट रिकामा, त्याच्या मागचाही रिकामा. सीवूड्सच्या बाजूला पाहिलं तर खाडीपर्यंत नुसता भराव आणि गवत. आम्ही सगळी पगारदार माणसं. कोणी मुंबईच्या चाळीतून आलेलं, कोणी कोकणातलं, कोणी देशावरचं. संडास स्वतःच्या घरात असणं हेच आमच्यातल्या निम्म्यांना नवीन होतं. त्यामुळे स्वच्छतेचा सोस जबर. जिन्यात चप्पल दिसली तरी फळ्यावर नोटीस लागायची. मी सोसायटीचा खजिनदार होतो आणि ऑफिसातही आकडेमोडीचंच काम करायचो. मला या नोटिसा आवडायच्या.

सिस्टर मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स म्हणून उभी हयात काढून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एकट्याच होत्या. लग्न का केलं नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला त्या उलट काय विचारतील याचा भरवसा नव्हता. अंगाने बारीक, केस आखूड कापलेले, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या, आणि समोरच्याने नजर वळवली तर थांबायच्या, तो परत बघेपर्यंत.

कुत्री त्यांची नव्हती. कुत्री आमच्या अध्यक्षांची होती.

अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहायचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. सभ्य, टापटिपीचे, वेळेचे पक्के. त्या काळात पांढऱ्याशुभ्र पॉमेरेनियन कुत्र्यांची टूम निघाली होती. दर दोन-तीन इमारतींत एखादं घर असायचं, जिथे असला कापसाचा गोळा गॅलरीतून भुंकायचा. मुलीच्या हट्टासाठी अध्यक्षांनी तसं एक पिल्लू आणलं. नाव ठेवलं रुबी. आमच्या सगळ्या घरांनी तिचे लाड केले. माझ्या सौभाग्यवतीने, जी कुत्र्याला शिवत नाही, तिनेही लांबून बिस्किटं टाकली.

मग मुलीची शाळा, वहिनींची नोकरी, अध्यक्षांची कारखान्यातली पाळी. रुबी दिवसभर ग्रिलच्या गॅलरीत बंद. तिथेच खाणं, तिथेच बाकीचं. संध्याकाळी घर उघडलं की गॅलरी घाण झालेली असायची. तेव्हा शिस्त लावण्याची जी सर्वमान्य पद्धत होती ती सुरू झाली. मानेला धरून रुबीचं नाक त्यात घासायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणायची. ही पद्धत तुम्हीही पाहिली असेल. कोणाकोणाला सुचवलीही असेल. त्या गुंडाळीचा आवाज आणि रुबीचं केकाटणं रोज संध्याकाळी आम्हाला खालपर्यंत ऐकू यायचं.

एके दिवशी तो आवाज थांबला. गॅलरी स्वच्छ राहू लागली. अध्यक्ष खाली भेटले तेव्हा प्रसन्न होते.

"लागली शेवटी शिस्त," म्हणाले. "थोडं कडक राहावं लागतं. कारखान्यात काय आणि घरी काय."

पुढे एका सुट्टीच्या दिवशी वहिनींनी सहज पडदा सारला आणि गॅलरी कशी स्वच्छ राहते ते त्यांना दिसलं. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी जेवलं नाही म्हणतात. मुलीने रुबीला जवळ घेणं बंद केलं. कामवाली गॅलरीत जाईना. आणि अशी बातमी जिन्यात किती वेगाने खाली उतरते ते तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. फाटकापाशी अध्यक्षांची स्कूटर उभी होती, पुढे पाय ठेवायच्या जागेत एक पोतं, आणि स्कूटरच्या आडव्या सिस्टर उभ्या.

"कुठे निघालात?"

"रुबीला जरा फिरवून आणतो."

"पोत्यात?"

पोतं हललं.

"कुठल्या बाजूला फिरवणार?"

"जासईकडे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथे कंटेनरच्या गाड्या थांबतात. ड्रायव्हर लोक जेवण टाकतात कुत्र्यांना. राहील ती."

"राहील," सिस्टर म्हणाल्या. "ट्रकखाली. द्या इकडे."

"सिस्टर, तुम्हाला कल्पना नाही ती काय करते."

"सगळ्या बिल्डिंगला कल्पना आहे. द्या. सुतळी काय एवढी घट्ट बांधलीत?"

पोतं त्यांनी कडेवर घेतलं, लहान मूल घेतात तसं, आणि घरात जाऊन दार लावलं. अध्यक्षांनी स्कूटर परत स्टँडला लावली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघा, किती दिवस टिकतंय."

आता सिस्टरांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी एका फटक्यात कुत्री बरी केली, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्या पहिल्यांदा सपशेल चुकल्या, आणि तेही श्रावणात.

त्यांचं म्हणणं असं की, अध्यक्षांच्या शाकाहारी घरात दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्रीच्या अंगात काहीतरी कमी आहे, म्हणून ती असलं शोधते. उपाय, मासे. आता आमच्याकडे श्रावणात, मासे खाणारी घरंसुद्धा माशाचं नाव घेत नसत. करावे गावातून एक मावशी पाटी घेऊन यायच्या, त्याही त्या महिन्यात आमची गल्ली टाळायच्या. सिस्टरांनी त्यांना निरोप धाडून बोलावलं.

"शिरावनान म्हावरा?" मावशींनी पाटी खाली ठेवत विचारलं. "कोनाला गो?"

"कुत्रीला. डोकी द्या, चालतील."

"तिचा उपास नाय?"

"माझा आहे. तिचा नाही."

मावशी एवढ्या हसल्या की पाटीवरचं फडकं सरकलं. पण त्या सोमवारी संध्याकाळी, घराघरांत उपास सोडायची तयारी चालू असताना, तळमजल्यावरून माशांची डोकी उकळल्याचा वास जिन्याने वर चढला तेव्हा कोणी हसलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकल्या.

"सिस्टर, आज सोमवार आहे."

"माहीत आहे. सकाळपासून पाण्यावर आहे मी."

"मग हे काय?"

"हे औषध. खिडकी लावून घ्या."

श्रावण संपेपर्यंत हे चाललं. सिस्टर स्वतः वरीचे तांदूळ खायच्या आणि नाकाला पदर न लावता माशाचे काटे वेचून रुबीला भरवायच्या. रुबी मासे आवडीने खायची. आणि मासे खाऊन झाल्यावर दुसरंही खायची, पहिल्याइतक्याच चपळाईने. शेवटी सिस्टरांनी गॅलरीतून जाहीर केलं. ज्या आवाजात त्या रंग विचारायच्या त्याच आवाजात.

"चुकलं माझं. माशांचा काही संबंध नाही."

असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "चुकलं" म्हणणारं माणूस मी तोपर्यंत आमच्या सोसायटीत पाहिलं नव्हतं. सर्वसाधारण सभेत तर नाहीच.

मग त्या रुबीला घेऊन वाशीला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या त्या दोन गोष्टी घेऊन. एक जंताची गोळी. दुसरी माहिती, की याला एक असं कारण नसतं. जंत असतात, भूक असते, दिवसभर कोंडलेलं असतं, करायला काही नसतं, कधी नुसती सवय असते. पिल्लांमध्ये पुष्कळदा आपोआप सुटते. ओरडून मात्र सुटत नाही. जंत खरंच पडले. तेही आम्हाला गॅलरीतून कळवण्यात आलं.

एकदा त्यांनी मला हाक मारून समोरच्या प्लॉटवर नेलं. तिथे पाइपांच्या ढिगाआड एका गावठी कुत्रीने पिल्लं घातली होती. पिल्लू हगलं की आई लगेच चाटून ती जागा साफ करत होती. तोंडाने. मला पाहवलं नाही.

"बघा की," सिस्टर म्हणाल्या. "कुठे बघता? आई आहे ती. तिच्याकडे ना फडकं ना फिनेल. घर स्वच्छ ठेवते ती. आपल्याला घाण वाटतं ते तिला घरकाम आहे."

"पण रुबीला पिल्लं नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "मग ती कोणासाठी साफ करते, ते कळत नाही मला."

तोवर त्यांनी एक पद्धत बसवली होती. रुबीला बाहेर न्यायचं, तिचं होईपर्यंत गप्प उभं राहायचं. झालं की ओरडायचं नाही, धावायचं नाही. चार पावलं लांब जाऊन नेहमीच्या आवाजात हाक मारायची, हातात सुक्या खोबऱ्याचा तुकडा धरायचा. ती आली की तुकडा द्यायचा आणि मग परत जाऊन पत्र्याच्या सुपलीने ते उचलायचं. खाण्याआधी उचललं गेलं पाहिजे, हाकेला येणं खाण्यापेक्षा फायद्याचं वाटलं पाहिजे, एवढंच तत्त्व. साठ-पासष्ट वर्षांच्या बाई सकाळी रस्त्यावर कुत्र्याची शी उचलतायत हे दृश्य तेव्हा नवी मुंबईत कोणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या बसमधली मुलं खिडकीतून ओरडायची. सिस्टर सुपली उंच करून त्यांना दाखवायच्या.

कधी हाकेला यायची रुबी. कधी यायची नाही.

दरम्यान कोणीतरी दुसरा उपाय केला. रुबीच्या ठरलेल्या कोपऱ्यात तिखट टाकून ठेवलं. एका सकाळी ती तोंड जमिनीवर घासत, लाळ गाळत घरी आली. सिस्टरांनी तिचं तोंड ताकाने धुतलं, तिला झोपवलं, आणि बशीत तिखट घेऊन घरोघर निघाल्या. सोळापैकी पंधरा दारांची बेल वाजवली.

"नमस्कार. चिमूटभर खा. भाजीत नको, नुसतं."

"अहो सिस्टर, असं काय करता?"

"तुम्ही टाकलं नसेल तर नका खाऊ. टाकलं असेल तर खा."

कोणी कबूल झालं नाही, कोणी खाल्लंही नाही. माझ्याही दारी आल्या. मी म्हणालो, "मी नाही टाकलं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोजून टाकलं असतं. हे मूठभर आहे."

नवरात्राच्या आधी मात्र प्रकरण चिघळलं. मागच्या भिंतीपाशी, जिथे मांडवाचे बांबू येऊन पडले होते, तिथे रुबीने काहीतरी खाल्लं. ते मांडववाल्याने पाहिलं, काकूंनी पाहिलं, आणि मग तीच रुबी मुलांच्या घोळक्यात जाऊन हात चाटू लागली. संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली. विषय एकच: तळमजल्यावरील कुत्री इमारतीतून हलवण्याबाबत ठराव. याचा अर्थ काय होतो ते सिस्टरांना कळत होतं. त्यांना जायला दुसरी जागा म्हणजे रत्नागिरीला भाच्याचं घर, तिथे कुत्री चालणार नव्हती. घर सोडायचं नाहीतर रुबीला सोडायचं, आणि रुबीला सोडायचं म्हणजे पुन्हा पोतं.

सभा गच्चीवर भरली. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"विषय जरा नाजूक आहे."

"नाजूक काय त्यात," सिस्टर म्हणाल्या. "शीचा विषय आहे. बोला."

"तुमच्या कुत्रीने कंपाउंडमध्ये घाण खाल्ली. नंतर मुलांना चाटलं. हा आरोग्याचा प्रश्न आहे."

"बरोबर. आरोग्याचाच आहे. घाण कोणाची होती?"

"म्हणजे?"

"कुत्र्याची नव्हती. मी बघितली. माझी अख्खी नोकरी गेली ते बघण्यात. माणसाची होती. छोट्या माणसाची. खाली पेपर होता. म्हणजे कोणीतरी पोराला भिंतीपाशी पेपरवर बसवलं, धुतलं, आणि पोर उचलून वर गेलं. पेपर तिथेच."

त्या वयाची मुलं आमच्या इमारतीत पाच होती. पाचही घरं खाली बघू लागली. संडास घरात आहे, पण मूल मोठ्या भांड्यावर बसायला घाबरतं, म्हणून चाळीतली रीत इथे आली होती. सगळे करत होते आणि एकाही नोटिशीत ते कधी आलं नव्हतं.

"रुबीने खाल्ली ते सगळ्यांना दिसलं," सिस्टर म्हणाल्या. "ठेवली कोणी ते कोणालाच नाही दिसलं. मला दिसतं, मी तळमजल्यावर राहते. पण नाव नाही घेणार. पोरांचा काय दोष? उद्यापासून मी माझ्या कुत्रीची उचलते तशी तुम्ही तुमच्या पोरांची उचला. मग बघू रुबी काय खाते."

"पण ती स्वतःचीही खाते," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ते तर मी स्वतः पाहिलंय. ही विकृती आहे, सिस्टर. जाणार नाही ती."

"कमी झाली आहे."

"तुम्ही म्हणता."

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही माझी नोकरीतली सवय. मी उभा राहून सुचवलं की ठराव मतास टाकण्याआधी समितीने एकदा पाहणी करावी. काही लोक हसले. पण दुसरं कोणालाच काही सुचत नव्हतं, तेव्हा सूचना मंजूर झाली.

रविवारी सकाळी समितीचे आम्ही पाच जण समोरच्या प्लॉटच्या कडेला उभे होतो. पाच प्रौढ, आंघोळ झालेले पुरुष, एका कुत्रीला शी होण्याची वाट बघत. बाकी पंधराही घरांच्या गॅलऱ्या भरलेल्या. रुबी हुंगत फिरली, गोल गोल फिरली, आणि बसली नाही.

"तुमच्याकडे असं पाच जण टक लावून बघत राहिले तर होईल का तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या. "पाठ करा."

आम्ही पाठ केली. वरून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या सौभाग्यवतीचा आवाज मी ओळखतो.

"झालं. वळा आता, सावकाश."

आम्ही वळलो. सिस्टर चार पावलं लांब गेल्या होत्या, हातात खोबऱ्याचा तुकडा. त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक मारली. रुबीने मान वर केली. शेपटी हलली. ती निघाली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एक-दोन पावलं टाकलीही. मग तिची नजर आमच्यावर पडली आणि ती जागच्या जागी आक्रसली. पोट जमिनीला लागलं. ती मागे फिरली आणि भराभर, न चावता, गिळू लागली.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. "काय सांगत होतो मी?"

बोट दाखवायला त्यांनी हात पुढे केला. त्या हातात रविवारचं वर्तमानपत्र होतं. येताना दारातून उचलून आणलेलं, लांब गुंडाळी केलेलं.

रुबी अंग चोरून त्या गुंडाळीकडे बघत होती, आणि बघता बघता गिळत होती. ज्या इमारतीने रोज संध्याकाळी तो आवाज ऐकला होता, तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

सिस्टरांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू झालेला ऐकला.

"पेपर खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी हाताकडे पाहिलं. मग वाकले आणि पेपर गवतावर ठेवला. ठेवल्यावर तो आपोआप थोडा उलगडला. रुबी थांबली. तिने पेपराकडे पाहिलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. आणि उरलेलं तसंच टाकून, अंग झाडून, खोबरं खायला गेली.

सिस्टरांनी सुपलीने ते उचललं आणि आमच्यासमोर आणून धरलं. आम्ही मागे सरकलो.

"निम्मी खाल्ली," त्या मला म्हणाल्या. "निम्मी सोडली. लिहा तुमच्या पाहणीत. निम्मी खाल्ली म्हणून काढायची का निम्मी सोडली म्हणून ठेवायची, ते तुम्ही ठरवा. मी काय करणार ते ठरलेलं आहे. मी जाणार नाही आणि ती पण जाणार नाही. कोर्टात जा, कुठेही जा."

मी सभेपुढे "निम्मी" हाच शब्द वाचून दाखवला. मतदान झालं नाही. अध्यक्षांनीच विषय तहकूब केला आणि तो पुन्हा कधी पटलावर आला नाही. त्या रविवारी परत जाताना त्यांनी पेपर उचलला, नीट उलगडला, चार घड्या घातल्या आणि छातीशी सपाट धरून जिना चढले.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर पेपर वाचायला आमच्याकडे येऊ लागल्या. स्वतःचा त्यांनी बंद केला होता.

"वॉर्डात एक आजोबा होते," चहा पिताना त्यांनी एकदा सांगितलं. "पलंग खराब झाला की ओली चादर गुंडाळून उशीखाली ठेवायचे. त्यावरच डोकं ठेवून झोपायचे. वास कुठून येतो ते सापडेना आम्हाला. आया ओरडायची ना त्यांच्यावर. तिची ड्युटी बदलली, मग चादर सापडायला लागली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी मासे उकळत बसले. एवढी वर्षं काढली वॉर्डात, आणि मासे उकळत बसले."

रुबी साफ बरी झाली का, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. कमी कमी होत गेलं, एवढंच मी खात्रीने सांगेन. पावसाळ्यात घरात कोंडून पडली की पुन्हा व्हायचं. कोणी भांडी आपटली तरी व्हायचं. सिस्टर त्याचा हिशेब कोणाला देत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "तुमचं सगळं सुटलं का? मग तिला कशाला विचारता?" मागच्या भिंतीपाशी पेपर दिसेनासे झाले. नोटीस न लावता बंद झालेली आमच्या सोसायटीतली ती एकमेव गोष्ट असावी.

तीन-चार वर्षांनी सिस्टर गेल्या. थोडक्या दिवसांचं आजारपण, रुग्णालयातच. भाचा रत्नागिरीहून आला, सगळं रीतसर केलं, आणि घराला कुलूप लावताना दारातल्या कुत्रीकडे पाहून आम्हाला म्हणाला, "हिचं काय करायचं, काका?"

तिथे आम्ही पाच-सहा जण होतो. अध्यक्ष पुढे झाले. आता ते अध्यक्ष नव्हते, पण आम्ही तसंच म्हणायचो. ते खाली बसले, दोन्ही तळहात उघडे ठेवून, आणि त्यांनी हाक मारली. रुबीने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गेली मात्र नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे येईल. तुमची ओळख आहे."

आमच्या घरात तोवर मांजरसुद्धा नव्हतं. सौभाग्यवतीचं सोवळं, देवघर स्वयंपाकघराला लागून. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सुपली आणली का त्यांच्याकडची?"

पहिली रात्र रुबी दाराशी बसून होती. दुसऱ्या सकाळी सौभाग्यवती आंघोळ करून, पूजेचं पाणी घेऊन बाहेर आली आणि तिने मला हाक मारली. मी धावत गेलो. देवघराच्या उंबऱ्यासमोर, पांढऱ्या लाद्यांवर, रुबीची शी पडली होती. सगळीच्या सगळी. तिला तोंड लागलेलं नव्हतं. रुबी शेजारी उभी होती, शेपूट पाठीवर वळवलेलं, आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

सौभाग्यवतीने हातातला तांब्या खाली ठेवला. "बघत काय बसलात," ती म्हणाली, "उचला."

मी सुपली आणली. खाली बसलो. मी ते उचलेपर्यंत रुबी जागची हलली नाही.